आत जाताना छत्री न्यावी

संडासात छत्री उघडणारा माणूस वेडा नसतो. त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबमधून व्हेंट पाइप, म्हणजे ड्रेनेजला हवा देणारा पाइप, वर गेलेला असतो आणि पाइपभोवतीची फट नेमकी मानेवर गळत असते, इतकंच. पण परवा सकाळी माझ्या छत्रीचं टोक झरोक्याच्या काचपट्ट्यांतून बाहेर आलं आणि शेजारच्या नानांनी ते पाहिलं. इंदिरानगरातली रो-हाऊसेस ही. मधली भिंत एक, गच्चीचा कठडा एक. त्यात नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त.

"किती क्युसेक?" त्यांनी अंगणातूनच विचारलं.

उघडीप बघून मी छिन्नी-हातोडा घेऊन गच्चीवर गेलो, तर नाना कठड्यावर कोपर टेकून हजर. नाशिकच्या माणसाला पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीशिवाय मोजता येत नाही.

"मारुतीच्या कमरेला लागलं का?"

"नाना, थेंब पडतात."

"म्हणजे अजून पावलंही भिजली नाहीत. मग एवढं काय मनाला लावून घेता? आणि मुळात हा पाइप हवाय कशाला? आभाळाकडे तोंड करून उभं राहिल्यावर पाणी शिरणारच. बूच मारा त्याला!"

मी समजावलं. त्या तोंडावर काऊल, म्हणजे भोकांची टोपी असते, पाऊस तिथून येत नाही. पाणी उतरतं ते पायथ्याशी. आणि पाइपला हवा मिळाली नाही तर एका फ्लशसरशी ट्रॅपमधलं, म्हणजे भांड्याखालच्या बाकातलं, जेमतेम ५० मिलिमीटर पाणी ओढलं जातं. तेच पाणी ड्रेनेजचा वास अडवून धरतं. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे धरणाला दरवाजा हवा, सांडवा नको." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण ते इतक्या अधिकाराने बोलले की मीच मान हलवली. ही मान हलवल्याचा राग अजून आहे.

खरा राग मात्र गवंड्यावर. तीन वर्षं दर मे महिन्यात तो पाइपभोवती सिमेंटचा गिलावा थापतो, वर पांढरं सिमेंट फासतो आणि "आता दहा वर्षं बघायला नको" म्हणून पैसे नेतो. जुलैत पाइपभोवती केसाएवढी गोल चीर असतेच. असणारच! उन्हात उघडा राहिलेला एक मीटर पीव्हीसी पाइप ३० अंशांनी तापला की साधारण २ मिलिमीटर लांबतो. त्याच फरकाने काँक्रीट ०.३. एक सरकतो, दुसरा जागचा हलत नाही आणि मध्ये सिमेंट मरतं. नुसतं सिलिकॉन मारणारेही भेटतात. ते ओलसर, धुळकट सिमेंटला धरत नाही, सालीसारखं सोलून हातात येतं. शिवाय त्यावर पुढे दुसरा कुठलाच लेप बसत नाही.

म्हणून काम असं. पाइपभोवती इंचभर रुंद, इंचभर खोल खाच. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा पोकळ वाजला तर तो तिथून पूर्ण काढायचा, कारण पाणी त्या तुकड्यांतून दहा फूट चालत येऊन भलतीकडेच ठिबकतं. तारेच्या ब्रशने धूळ काढायची आणि पाइप सँडपेपरने खरवडायचा. गुळगुळीत पीव्हीसीला काहीच चिकटत नाही. खाचेच्या तळाला आकुंचन न पावणारं ग्राउट (फट भरायचं सिमेंटचं मिश्रण), वरचा अर्धा इंच मोकळा. ग्राउट वाळलं की त्यावर पॅकिंग टेपची गोल पट्टी, मग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. पट्टी अशासाठी, की सीलंटने दोनच बाजू धरायच्या, पाइप आणि काँक्रीट. तळही धरला तर ताणायला जागा उरत नाही, सीलंट फाटतं. जागा मात्र कोरडीठाक हवी. ओल्या सीलंटवर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरायची, म्हणजे पुढचा थर धरतो.

त्यानंतर पॉलिमर-सिमेंटचा लेप, आणि याला उलट काँक्रीट किंचित ओलसर लागतं! एकाच फुटात एक कोरडं मागतो, एक ओलं. पहिल्या हातात फायबरची जाळी दाबायची, दुसरा हात आडवा. पाइपवर सहा इंच चढवायचा, गच्चीवर फूटभर पसरायचा. कोपऱ्यात काटकोन ठेवायचा नाही, तो भरून गोल करायचा; गवंडी त्याला वाटा म्हणतात.

चार-पाच दिवस लेप मुरू दिला. मग पाइपभोवती मातीचा बांध घालून ४८ तास दोन इंच पाणी साठवलं. नाना दर दोन तासांनी फूटपट्टी बुडवून जात. खाली छत कोरडं.

एकच चूक झाली. नळीत अर्धं सीलंट उरलं होतं, आणि उघडलेली नळी आतून घट्ट होऊन वाया जाते, म्हणून नानांनी मागताच देऊन टाकली. त्यांनी ते स्वतःच्या पाइपच्या काऊलवर मारलं, सगळ्या भोकांत, नीट बोटाने दाबून. आता फ्लश केला की त्यांच्या न्हाणीत गुडगुड आवाज येतो आणि घरभर वास सुटतो. मी काऊल बदला म्हणून सांगितलं, तर म्हणाले सांडवा नको.

वास माझ्याकडून येतो, असं ते गल्लीत सांगत फिरतायत. पुरावा विचारला की म्हणतात, "छत्री मी स्वतः पाहिलीय."