बंदूक आणि सत्याग्रह एकाच घरात नांदत होते

१७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर हे पंधरा दिवस आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपला काही बरे जात नाहीत. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकतं न उरकतं तोच कुणीतरी टाकतं, "उपोषणं करून निजाम गेला असता का?" गांधी जयंतीला दुसरा त्याचं उट्टं काढतो. मग भगतसिंग, नेताजी, चरखा, सगळं यथासांग. मराठवाड्यातली माणसं पंजाब-बंगालचे दाखले देत एकमेकांच्या उरावर बसतात, आणि मराठवाड्याचं नाव कुणी काढत नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर आपल्याला तेरा महिने थांबावं लागलं. निदान त्या तेरा महिन्यांवर तरी बोला की!

माझं म्हणणं एवढंच आहे, की शस्त्रवाले आणि अहिंसावाले असे दोन वेगळे कळप आपल्याकडं नव्हतेच. माणसं तीच होती, संघटनाही तीच.

१९३८ सालापासून बघा. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना व्हायच्या आतच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला, पोरं तुरुंगात गेली, आणि दोनेक महिन्यांत गांधीजींच्या सल्ल्यानं तो थांबवलाही. त्याच हिवाळ्यात 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून औरंगाबादच्या कॉलेजातली आणि उस्मानिया विद्यापीठातली मुलं काढून टाकली गेली. त्यातली कितीतरी पुढं शिकायला नागपूरला गेली. त्यांच्यातलेच एक पी. व्ही. नरसिंह राव. दहा वर्षांनी हाच माणूस चांद्याला (आजचं चंद्रपूर) निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात काम करताना दिसतो. आता ह्यांना कुठल्या रकान्यात घालणार?

स्वामी रामानंद तीर्थांचं तर विचारूच नका. संन्यासी माणूस, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षक, नखशिखांत गांधींचा. त्यांच्याच स्टेट काँग्रेसच्या पोरांनी ४७-४८ साली उमरखेड, बार्शी अशा हद्दीपलीकडच्या गावांत कॅम्प टाकले, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके फोडले, निजामाचं उत्पन्न बुडावं म्हणून शिंदीची झाडं तोडली आणि बंदुकाही चालवल्या. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली. तारीख पुन्हा वाचा. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. गांधींना मानणारी माणसं बँक लुटत होती आणि तिकडं गांधींना गोळ्या घातल्या जात होत्या. ह्याचं पोस्टर कुणालाच करता येत नाही. म्हणूनच बहुतेक कुणी करत नाही.

ही वेळ का आली तेही बघायला पाहिजे. तुम्हाला पकडतील, कोर्टात उभं करतील, तुरुंगात टाकतील, एवढा तरी भरवसा असल्याशिवाय सत्याग्रह चालत नाही. लातूरच्या वकील कासीम रझवीच्या रझाकारांपुढं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांपुढं, तो भरवसा कुठला? बिलोलीकडं गावोगाव काम करणाऱ्या गोविंदराव पानसऱ्यांना १९४६ साली अर्जापूरजवळ गाठून मारलं. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या विरोधात लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा मुडदा पाडला. खुद्द गांधींनी १९२० साली लिहून ठेवलंय की भ्याडपणा आणि हिंसा ह्यांतलंच एक निवडायचं असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन. गांधींना पळपुटे म्हणणाऱ्यांनी आणि गांधींच्या नावानं कॅम्पवाल्यांवर नाक मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही हे वाचावं.

पण बंदूकवाल्यांनीही फार फुशारू नये. माझ्या आजीचं माहेर बार्शीच्या हद्दीला लागून. रझाकारीत कॅम्पातली पोरं रात्री गावाजवळ आली की घरोघरच्या बाया भाकरी थापायच्या. दिवा बारीक करायचा, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काठवट गोधडीवर ठेवायची, ज्वारीच्या भाकरीवर ठेचा टाकायचा आणि धडप्यात बांधून द्यायचं. आणि सगळ्यात आधी गल्लीतल्या कुत्र्यांना भाकर, भुंकू नयेत म्हणून. हे सांगताना आजीला हसू यायचं. पोरांजवळ काय होतं, तर दोन-चार ठासणीच्या बंदुका. त्यांची कीर्ती गोळ्यांपेक्षा मोठी.

ह्या बाया जिवावर उदार होऊन पिठात हात का घालत होत्या? वाचनालयं, राष्ट्रीय शाळा, १९३७ ला परतूरला भरलेली महाराष्ट्र परिषद, प्रभात फेऱ्या, अशी दहा-बारा वर्षांची बिनहत्याराची मेहनत गावात आधीच मुरली होती. ती नसती तर कॅम्पातल्या पोरांना गावानं दरोडेखोर समजून पाटलाच्या हवाली केलं असतं. आणि निजाम शेवटी गेला तो १३ सप्टेंबरला भारताचं सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरलं आणि पाच दिवसांत खेळ आटोपला म्हणून. कॅम्पांनी गावं तगवली, निजामाला हैराण केलं. ते काम लहान नव्हे. पण हैदराबाद त्यांनी सर केलं असं म्हणणं म्हणजे थापा.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजू मिठाची गुळणी धरून बसतात. सैन्याच्या ह्या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, काय झालं? सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार ह्यांना पाहणीसाठी पाठवलं होतं. त्यांच्या अहवालाचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा आहे. बहुतेक मुसलमान. सगळ्यात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांत. अहवाल कित्येक वर्षं दडपून ठेवला. रझाकारांनी केलं ते आपण चवीचवीनं सांगतो, आणि हे आलं की म्हातारी माणसंसुद्धा विषय बदलतात.

म्हणून "शस्त्र बरोबर की चूक" ह्या प्रश्नात मला फारसा रस उरलेला नाही. मी विचारतो, बंदुकीचा हिशेब कोण ठेवत होतं? उमरीच्या लुटीतला पैसा संघटनेच्या ताब्यात होता आणि त्याचा हिशेब दिला गेला, हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंही. पण सप्टेंबरनंतर ज्यांनी शेजाऱ्याची घरं जाळली, जमिनी बळकावल्या, त्यांना हिशेब विचारायला कोण गेलं? त्यातले काही उद्या-परवा स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिरवलेही असतील. झेंडावंदनाच्या भाषणात हे कधी येत नाही. साखरेची पुडी येते.

तुमच्या घरात कॅम्पाची, फोडलेल्या नाक्याची, रात्रीच्या भाकरींची किंवा गाव सोडून गेलेल्या मुसलमान शेजाऱ्याची आठवण असेल तर खाली लिहा, गावाच्या नावासकट. कोण जास्त शूर ह्यावर कुस्ती खेळायची असेल तर फॅमिली ग्रुप मोकळाच आहे.