‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ हा दावा का टिकत नाही

‘मॉर्फिन सुरू केले की रुग्ण फार दिवस काढत नाही, श्वास मंदावतो, व्यसन लागते, म्हणून हे औषध अगदी शेवटासाठी राखून ठेवावे’, असा संदेश मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाबद्दल सर्रास पुढे पाठवला जातो. तो वाचून घरची माणसे डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही द्यायला कचरतात, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

मॉर्फिन पुष्कळदा आजार बळावल्यावरच दिले जाते. त्यामुळे औषधापाठोपाठ मृत्यू आलेला दिसतो आणि आजाराचा दोष औषधाच्या माथी येतो. तोंडावाटे अल्प मात्रेने सुरुवात करून, वेदनेचा अंदाज घेत मात्रा वाढवली, तर श्वास धोकादायक रीतीने मंदावण्याचा प्रकार विरळाच. मूत्रपिंडांचे काम बिघडले असेल, तर मात्र औषधाचे अंश शरीरात साचतात, आणि तेव्हा मात्रा कमी करणे किंवा दुसरे औषध निवडणे भाग पडते.

राखून ठेवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. कर्करोगामुळे मध्यम वेदना असलेल्या २४० रुग्णांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींना अल्प मात्रेतील मॉर्फिन, तर इतरांना कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी सौम्य औषधे दिली गेली. वेदना किमान २० टक्क्यांनी उतरलेल्यांचे प्रमाण मॉर्फिनच्या गटात सुमारे ८८ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ५८ टक्के होते. पुढे वेदना वाढली, तर मात्राही वाढवता येते. उलट, वेदना अंगावर काढणारा माणूस कूस बदलायचे टाळतो, घास अर्ध्यावर सोडतो आणि विचारले तर ‘बरं आहे’ म्हणतो.

औषध एकाएकी बंद केल्यास त्रास होतो, म्हणून ते हळूहळू कमी करतात. एवढ्यावरून त्याला व्यसन म्हणता येत नाही. पूर्वी व्यसन असलेल्यांवर अधिक लक्ष ठेवावे लागते, हे खरे. नेहमीचा त्रास वेगळाच आहे: बद्धकोष्ठ. त्यासाठीचे रेचक पहिल्या दिवसापासून द्यायला हवे, आणि नेमके तेच राहून जाते.

मात्र मॉर्फिन प्रत्येक लक्षणावर लागू पडते, असेही नाही. फुप्फुसांच्या दीर्घकालीन अवरोधक आजारात धाप लागणाऱ्या १५६ रुग्णांपैकी काहींना रोज ८ किंवा १६ मिलिग्रॅम मॉर्फिन, तर इतरांना औषध नसलेली गोळी देऊन पाहिली, तेव्हा आठवड्याअखेर या गटांच्या धापेच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०२२ च्या चाचणीत आढळले. अशा धापेवर चेहऱ्यासमोर धरायचा छोटा पंखा, पुढे झुकून बसणे आणि श्वासाचे व्यायाम हे उपाय आधी करून पाहावेत.