बेबिंकाचे थर आपोआप पडत नाहीत

बेबिंका म्हणजे गोव्याची थराथरांची गोड मिठाई. नाताळ जवळ आला की एक संदेश फिरतो: ‘बेबिंकाचं सगळं मिश्रण एकदम ओता, ४५ मिनिटांत थर आपोआप पडतात.’ नाही पडत. मिळतो तो नारळाच्या दुधाचा जाडजूड केक.

साहित्य: अंड्यांचे १० बलक, २ कप दाट नारळाचं दूध, दीड कप साखर, १ कप मैदा, थोडं जायफळ. थर किमान ७. प्रत्येक थराआधी चमचाभर तूप. वरून तांबूस आणि घट्ट झाल्याशिवाय पुढचा थर ओतायचा नाही, नाहीतर दोन्ही एकजीव होतात. पहिल्या थरानंतर आच फक्त वरून. खालून राहिली तर तळ करपतो. गोव्यात भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत ते त्यासाठीच. ओव्हनचा ग्रिलही चालतो. कापायचं मात्र पूर्ण गार झाल्यावर. गरम कापलं की थर फाटतात.