"अजून क्लार्कच?"

सरकारी बँकेत पंधरा वर्षं काउंटरवर असलेल्या माणसाला प्रत्येक लग्नकार्यात हा प्रश्न ऐकावा लागतो. वर जाता येत असूनही गेला नाही, म्हणजे कुठेतरी कमी पडला, असं लोक धरून चालतात. मला हे साफ चुकीचं वाटतं. त्याहून जास्त काळजी वाटते ती या बोलण्याला कंटाळून अधिकारीपदाच्या प्रमोशनचा अर्ज भरणाऱ्यांची.

पगारापासून सुरुवात करू. मार्च २०२४ च्या बाराव्या द्विपक्षीय करारानुसार (बँका आणि कर्मचारी युनियन यांच्यातला पगाराचा करार) क्लार्कचं बेसिक २४,०५० पासून ६४,४८० पर्यंत जातं आणि अधिकाऱ्यांसाठीच्या त्याच वेळच्या जॉइंट नोटनुसार स्केल वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीवरच्या अधिकाऱ्याचं ४८,४८० ला सुरू होतं. म्हणजे वीस वर्षं सेवा झालेला क्लार्क बेसिकमध्ये नव्या अधिकाऱ्याच्या पुढे असतो. प्रमोशन झाल्यावर बेसिक फिटमेंटच्या तक्त्याप्रमाणे बसवतात, म्हणजे क्लार्कच्या कोणत्या बेसिकला अधिकाऱ्याचं कोणतं बेसिक मिळतं ते त्यात दिलेलं असतं. तो तक्ता युनियनकडून मागून घ्या आणि स्वतःच्या बेसिकसमोरचा आकडा बघा. सहकाऱ्याला किती वाढ मिळाली यावरून अंदाज बांधू नका, त्याची इन्क्रिमेंट्स वेगळी असतात.

मग तास मोजा. क्लार्कला जेवणाची सुट्टी सोडून साडेसहा तास काम आणि त्यापुढे ओव्हरटाइम. अधिकाऱ्याला ओव्हरटाइम नाही. समजा, हातात येणारी वाढ महिना १५,००० आहे. परगावी दुसरं बिऱ्हाड मांडलं की खाणं, वीज, किरकोळ खर्च मिळून ९,००० आणि घरी दोन फेऱ्यांचे ४,००० गेले. उरले २,०००. रोज अडीच तास जास्त थांबलात तर २४ दिवसांचे ६० तास होतात, म्हणजे तासाला ३३ रुपये. तुमचे आकडे वेगळे येतील, पण हिशेब कागदावर मांडाच.

सही हा तर फारच मोठा फरक आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कॅश जुळली की क्लार्कचा दिवस संपतो. अधिकाऱ्याने मंजुरीची शिफारस केलेलं कर्ज ९० दिवसांहून जास्त थकलं की एनपीए (थकीत कर्ज) होतं, आणि स्टाफ अकाउंटेबिलिटीच्या, म्हणजे कोणत्या कर्मचाऱ्याची चूक झाली याच्या चौकशीत ती सही बदलीनंतरही शोधत येते. मालाची पाहणी न करता, वरून घाई आहे म्हणून केलेली शिफारस हमखास इथेच अडचणीत आणते. शिवाय बदली देशभरात कुठेही. कोल्हापुरात आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू असेल, तर पोस्टिंग बिहारमध्ये आल्यावर तिला दवाखान्यात कोण नेणार, याचं उत्तर अर्जाआधी हवं.

ज्याला कर्जाचं काम मनापासून आवडतं, ज्याचं वय तिशीच्या आत आहे आणि जो फिरायला तयार आहे, त्याने जरूर जावं. त्याच्यापुढे स्केल सातपर्यंतचा, म्हणजे जनरल मॅनेजरपर्यंतचा रस्ता आहे. एनपीएसमध्ये (पेन्शन योजनेत) बँक भरते ते १४ टक्केही वाढलेल्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर मोजले जातात.

नको असेल, तर निर्णय अर्जाच्या मुदतीपूर्वीच घ्या. परीक्षा, मुलाखत, निवड झाल्यावर नकार दिला, तर बऱ्याच बँकांत पुढची काही वर्षं अर्ज करता येत नाही. क्लार्क ते अधिकारी प्रमोशनचे नियम प्रत्येक बँकेचे वेगळे असतात, म्हणून आपल्या बँकेचं ताजं सर्क्युलर वाचा. नकाराची मुदत, लेखी कुणाकडे द्यायचा आणि परत क्लार्क होण्याची सोय आहे का, या तीन गोष्टी त्यात शोधा.