‘एक टिक करा, विंडोज ११ चालू’ : अर्धवट सल्ल्याला पूर्ण उत्तर

सोलापुरातल्या दुकानदारांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आशय असा: विंडोज १० बंद झालं, रुफस या इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक टिक केली की कुठल्याही ६४ बिट लॅपटॉपवर विंडोज ११ बसतं, डिस्कचा एरर आला तर सगळी पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) डिलीट करा, ड्रायव्हर आपोआप येतात, स्लो वाटला तर रॅम वाढवा, अपडेट पुढे कायम येत राहतात. यातली टिक खरी आहे. बाकी बरंचसं अर्धवट आहे आणि एक ओळ लोकांचा डेटा घालवणारी आहे. सुरुवात तिच्यापासूनच करू.

‘एरर आला तर सगळी पार्टिशन डिलीट करा’

कृपा करून असं करू नका. हा एरर बहुतेक वेळा एकच असतो: निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, यूईएफआय सिस्टिमवर जीपीटी डिस्कच चालेल. एमबीआर ही डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी; तसंच लेगसी ही लॅपटॉप बूट करायची जुनी पद्धत, यूईएफआय नवी. म्हणजे डिस्क बिघडलेली नसते. जुनं विंडोज लेगसी पद्धतीने बसवलेलं असतं आणि तुम्ही पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने चालू केलेला असतो, एवढाच घोळ. पार्टिशन डिलीट केली की एरर जातो खरा, पण त्याच डिस्कवरच्या डी ड्राइव्हमधला टॅलीचा डेटा आणि बिलंही जातात.

आधी जुन्या विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘बायोस मोड’ची ओळ वाचा. तिथे ‘लेगसी’ असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला: रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर निवडून पेन ड्राइव्ह तयार करा आणि बूट मेनूत पेन ड्राइव्हच्या नावामागे ‘यूईएफआय’ नसलेली ओळ निवडा. दुसरा: विंडोजमध्येच असलेल्या ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनाने डेटा न पुसता डिस्क बदला. आधी त्याची ‘व्हॅलिडेट’ तपासणी चालवा, ती पास झाली तरच रूपांतर करा, मग बायोसमध्ये जाऊन यूईएफआय चालू करा. ही शेवटची पायरी विसरली तर लॅपटॉप बूटच होत नाही आणि माणूस घाबरतो.

हे साधन नकार देतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे लॉजिकल पार्टिशन. पूर्वी दुकानात सी, डी, ई असे तुकडे करून द्यायचे, त्यातले डी आणि ई बहुधा लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात केलेले असतात. असं साधनाला चालत नाही. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनही चालत नाहीत. मग पहिलाच रस्ता धरा. रस्ता कुठलाही असो, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

डिस्क यादीत दिसतच नसेल तर तीही ‘गेली’ असं लगेच धरू नका. बायोसमध्ये साटा मोड (डिस्क कशी जोडायची त्याची सेटिंग) ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतो तेव्हा असं होतं. तो ‘एएचसीआय’ करा किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. जुनं विंडोज ठेवायचं असेल तर आधी सेफ मोडमध्ये बूट होईल असं लावा, मगच मोड बदला. नाहीतर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते.

‘कुठल्याही ६४ बिट लॅपटॉपवर बसतं’

नाही. रुफसची टिक टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (खात्रीची सिस्टिमच बूट होऊ देणारी सोय) आणि ४ जीबी रॅमची तपासणी वगळते. प्रोसेसरमध्ये जे नाहीच, ते ती आणून देत नाही. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला कळणारे आदेश, इन्स्ट्रक्शन्स) प्रोसेसरमध्ये लागतात. कोअर टू ड्युओमध्ये एसएसई ४.२ नाही, त्यामुळे ते मशीन लोगोवर अडकतं किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं, आणि कारण सांगणारा मेसेजही येत नाही. पहिल्या पिढीच्या कोअर आय ३, आय ५, आय ७पासून या सूचना आहेत. सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारं मोफत ॲप उघडा आणि ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या ओळीत एसएसई ४.२ आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

कोअर टू ड्युओवर जुनी २३एच२ बसवा, असंही काही जण सांगतात. तिच्या होम आणि प्रो आवृत्तीचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ला संपला. तिथे जाऊन काय मिळवलं?

‘ड्रायव्हर आपोआप येतात’

येतात, पण इंटरनेट असेल तर. आणि इंटरनेटसाठी वायफायचा ड्रायव्हर लागतो. सेटअप नेटवर्कच्या पानावर अडतो तो इथेच, ‘नेक्स्ट’ बटण दबतच नाही. अशा वेळी मोबाइल केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा काम होतं.

त्याहून चांगलं म्हणजे जुनं विंडोज पुसण्याआधीच पीएनपी युटिल या विंडोजच्या साधनाने सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. विंडोज १०चे ६४ बिट ड्रायव्हर ११वर बहुधा चालतात, ३२ बिटचे चालत नाहीत. एखादं डिव्हाइस पिवळ्या चिन्हासह राहिलंच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ‘डिटेल्स’मधून हार्डवेअर आयडी बघा. ‘व्हीईएन’नंतर १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी असेल तर रिअलटेक, ८०८६ असेल तर इंटेल. शंभर साइटवरून ‘ड्रायव्हर पॅक’ उतरवण्यापेक्षा त्या चार अक्षरांवरून शोधा.

डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीचं डोंगल आणि ई-टेंडर भरणाऱ्यांनी डिजिटल सहीचं टोकन ११वर चालतं का, हे पुरवठादाराला आधी विचारावं.

‘स्लो वाटला तर रॅम वाढवा’

आधी टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्के दिसत असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा आहे आणि रॅमवर घातलेले पैसे वाया जातील. २.५ इंची साटा एसएसडी टाका. ती ७ मिलिमीटर जाडीची असते, खाच ९.५ मिलिमीटरची असेल तर सोबत प्लास्टिकची पट्टी लावा, नाहीतर कनेक्टर हलतो. रॅम लागतच असेल तर चौथ्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत नीट बसते, पण स्क्रीन काळीच राहते.

आणि सोलापुरात तिसरं कारण कायम तपासा: उष्णता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात टेबलावर असलेला लॅपटॉप दिवसभर सुताचे तंतू ओढून घेतो. ते पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध बसून नमद्यासारखा थर होतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. जाळीतून हवा मारली तर तो थर उलटा पंख्यात जातो. मागचं झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर काढा, पंखा सोडवा आणि थर चिमट्याने अख्खा उचला. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मग जुनी थर्मल पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना गरम प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. त्याला रॅम काय करणार?

‘अपडेट कायम येतात’ आणि ‘विंडोज १० बंद झालं’

महिन्याचे सुरक्षा अपडेट सध्या बहुतेकांना येतात, पण अशा मशीनला मायक्रोसॉफ्ट कसलीच हमी देत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती तर आपोआप येतच नाही. होम आणि प्रोची प्रत्येक आवृत्ती २४ महिने चालते. ती मुदत संपण्याआधी नवी आयएसओ (विंडोजची इन्स्टॉल फाइल) उतरवून, रुफसमध्ये पुन्हा तीच टिक करून, चालू विंडोजमधूनच सेटअप चालवायचा आणि ‘फाइल व ॲप ठेवा’ निवडायचं. आयएसओ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, टेलिग्रामवरची ‘लाइट’ नको.

विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचे मोफत अपडेट थांबले. २२एच२ आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत अपडेट घेता येतात. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसेही पडत नाहीत.

कोअर टू ड्युओवाल्यांसाठी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आहे. किमान २ जीबी रॅम सांगितली आहे, पण ४ असू द्या. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर मिंट उपयोगाची नाही. घरचं काम, अभ्यास, युनिकोड मराठी टायपिंग यासाठी चांगली आहे. पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वायफाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासा, आणि हे तिन्ही नीट चालले तरच इन्स्टॉल दाबा.