बारा वर्षांच्या पोराची निवड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मुद्दाम चार दिवस थांबून उत्तर लिहितोय. त्यातलं काही लागलं, आणि काही पटलंही.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिडनीत बारा-तेरा वर्षांच्या मुलांमधून जिल्ह्याचा रग्बी संघ निवडतात, ज्याला इथे सगळे ‘रेप’ (‘रिप्रेझेंटेटिव्ह’चं लघुरूप) म्हणतात. हे संघ मग जूनमधल्या लाँग वीकेंडला राज्य स्पर्धेत खेळतात. ही निवड इतक्या लवकर करू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की मुलाची निवड झाली नाही म्हणून बाप चिडलाय. शिवाय खेळ म्हटला की निवड आलीच. चांगल्या पोरांना चांगल्यांबरोबर खेळवलं नाही तर ती वाढणार कशी? आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला जोसेफ सुआली सोळाव्या वर्षीच ऑस्ट्रेलियन स्कूल्सच्या, म्हणजे देशभरातल्या शाळकरी मुलांच्या संघात होता, म्हणजे पारखी नजरेला गुण दिसतातच. ऑस्ट्रेलियाच्या वीस वर्षांखालच्या संघाची निवड बघा, ती किती चांगली ठरली, असंही तुम्ही म्हणता.

पहिलं आधी सांगतो. माझा मुलगा निवडला गेला होता. सलग दोन वर्षं. त्याचा जन्म जानेवारीतला, आणि इथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. बाराव्या वर्षी तो माझ्या कानाला लागत होता. बॉल हातात आला की मान खाली घालून सरळ पळायचा आणि दोघं-तिघं अंगाला लटकलेले असतानाही लाइन ओलांडायचा. मला तेव्हा वाटायचं, पोरात काहीतरी आहे. पंधराव्या वर्षी बाकीची मुलं उंचीला येऊन भिडली तेव्हा कळलं की त्याला पास देणं कधी शिकावंच लागलं नव्हतं. आता तो ते शिकतोय, उशिरा आणि कष्टाने.

मी जे लिहिलं ते त्याच्या मित्रासाठी लिहिलं. तो नोव्हेंबरचा. हाफबॅक, म्हणजे पुढच्या धिप्पाड फॉरवर्डनी मिळवलेला बॉल उचलून मागच्यांना देणारा. दोन्ही हातांनी सारखाच पास द्यायचा, रक (जमिनीवरच्या बॉलभोवतीची झुंबड) जमायच्या आधीच बॉल कुठून बाहेर येणार हे ओळखून तिथे उभा असायचा. ट्रायल एप्रिलमधल्या संध्याकाळी होती, दिवे लावलेले, गवत ओलं. साठेक मुलं, प्रत्येकाच्या अंगावर नंबरची बिब, कडेला क्लिपबोर्ड घेतलेले तीन सिलेक्टर. पहिली वीस मिनिटं त्याला हाफबॅकला ठेवलं, पण त्याचे फॉरवर्ड लहानखुरे पडले आणि बॉल जवळजवळ सगळा वेळ समोरच्यांकडेच राहिला. मग त्याला विंगला, मैदानाच्या पार कडेला पाठवलं. तिथे बॉल त्याच्याकडे एकदाच आला, तोही घरंगळत. रविवारी रात्री ईमेलने यादी आली, त्यात तो नव्हता.

इथपर्यंत मी कोणाला दोष देत नाही. ते तिघंही नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता आले होते. साठ पोरांतून तेवीस निवडायला तेवढ्या वेळात कोणालाही जड जाईल. मी तिथे उभा असतो तर माझीही यादी तशीच झाली असती.

पण त्यापुढचा हिवाळा, म्हणजे इथला रग्बीचा हंगाम, बघा. माझ्या मुलाला आठवड्यात दोन जादा सराव मिळाले. टॅकलला पाय कुठे ठेवायचा, रकमध्ये खांदा किती खाली न्यायचा, हे शिकवायला माणूस होता. आम्ही शेकडो डॉलर फी भरली हे खरं, पण शिकवणी मिळाली. त्याचा मित्र क्लबमध्येच राहिला, आठवड्यातून एक सराव, आणि तोही स्मार्ट रग्बीचा सुरक्षिततेचा कोर्स केलेल्या पण आयुष्यात रग्बी न खेळलेल्या एका बापाच्या हाताखाली. तो बाप मी होतो. मला जे येत होतं ते सगळं मी त्याला दिलं, आणि ते पुरेसं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या ट्रायलला तो एक हिवाळा मागे पडूनच उतरला. चौदाव्या वर्षी त्याने बूट काढून ठेवले. पंधराव्या वर्षी तो वीतभर वाढला.

तेव्हा निवड चुकते ही माझी तक्रार नाही. बाराव्या वर्षी ती चुकणारच. ज्याची निवड झाली नाही त्याला शिकवायचं बंद होतं, ही माझी तक्रार आहे. मूळ लेखात हे मी नीट मांडलं नव्हतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे मला ते लख्ख दिसलं. त्याबद्दल मनापासून आभार.

‘चांगल्यांनी चांगल्यांबरोबर खेळावं’ हे मला मान्य आहे. फक्त बाराव्या वर्षी चांगला कोण हे ठरवताना आपण काय मोजतो? मुलगे सर्वात झपाट्याने वाढतात ते साधारण चौदाच्या आसपास, पण कोणी बारालाच झेप घेतो तर कोणी सोळाला. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात काही वर्षांचा फरक असू शकतो. आपल्याकडे बीसीसीआय सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढतं ते वयचोरी पकडायला, पण हाडाला स्वतःचं वय असतं हे त्यातूनच सगळ्यांना समजलं. आणि कबड्डी तर तुम्ही-आम्ही लहानपणापासून बघतोय. किशोर गटाला वेगळी वजनमर्यादा, कुमार गटाला वेगळी. वजनकाट्यावर उभं राहिल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येत नाही. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात नुसती जन्मतारीख पुरत नाही, हे गावोगावच्या मंडळांना केव्हाच कळलंय. ऑकलंडमध्ये शालेय वयाच्या रग्बीत वजनाचे गट आहेत. ऑस्ट्रेलियातही आपल्या गटात फारच मोठ्या किंवा फारच लहान पडणाऱ्या मुलाला तपासून वरच्या-खालच्या गटात खेळवायची सोय आहे. पण ती इजा होऊ नये म्हणून. निवडीच्या कागदावर जन्माचा महिना कुठेच नसतो.

निक फार-जोन्सचं उदाहरण मी मूळ लेखात द्यायला हवं होतं. सिडनीच्या न्यूइंग्टन कॉलेज या शाळेत शिकताना त्याला शाळेच्या पहिल्या संघात जागा मिळाली नव्हती. तो पुढे सिडनी युनिव्हर्सिटीकडून खेळला, ऑस्ट्रेलियाचा हाफबॅक झाला, कर्णधार झाला, आणि १९९१ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंडला १२-६ असं हरवून त्याने वर्ल्ड कप उचलला. शाळेने त्याला ओळखलं नाही, पण शाळा सुटल्यावर विद्यापीठाचा क्लब होता, तिथे सराव होता, दरवर्षी पुन्हा उभं राहायची संधी होती. आज अठराव्या वर्षी अकादमीच्या यादीत नसलेल्या मुलाला असा रस्ता उरलाय का? थोडाफार उरलाय, शूट शील्ड या सिडनीतल्या वरच्या क्लब स्पर्धेतल्या क्लबांमुळे. पण पश्चिम सिडनीत, जिथे आपले इतके मराठी लोक राहतात, तिथे २०१८ मध्ये पेनरिथच्या क्लबला त्या स्पर्धेतून काढून टाकलं. संघ फार मोठ्या फरकाने हरत होता हे खरंच आहे. पण तिथल्या पोरासाठी वरची एक पायरी गेली, हेही तितकंच खरं.

वीस वर्षांखालच्या संघाबद्दल तुमचं म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. २०१९ मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना फ्रान्सकडे २४-२३ असा एका गुणाने गेला, आणि त्या संघातले फ्रेझर मॅकराइट, हॅरी विल्सन, नोआ लोलेसिओ पुढे वॉलबी, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाचे खेळाडू झाले. निवड उत्तम होती. ती एकोणीस-वीस वर्षांच्या, वाढ पूर्ण झालेल्या मुलांची होती. तिथे मी एक अक्षर विरोधात लिहिणार नाही.

आणि सुआली. त्याला हेरलं, बरोबर. पण हेरून झाल्यावर काय झालं? तो रग्बी लीगकडे गेला, म्हणजे तेरा जणांच्या वेगळ्याच खेळाकडे. २०२१ मध्ये अठरा पूर्ण व्हायच्या आत, खास परवानगी घेऊन, रूस्टर्स या सिडनीच्या क्लबकडून एनआरएलमध्ये, लीगच्या इथल्या सर्वात वरच्या स्पर्धेत उतरला. रग्बीने त्याला परत आणलं ते मोठी रक्कम मोजून, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वॉलबी म्हणून पहिला सामना खेळला, इंग्लंडविरुद्ध ट्विकनहॅमलाच. त्याच सामन्यात शेवटच्या क्षणी ट्राय करून (बॉल लाइनीपलीकडे टेकवून) ४२-३७ असा विजय मिळवून देणारा मॅक्स जॉर्गन्सनही लवकर हेरलेला. म्हणजे लवकर हेरलेले काही खरंच मोठे होतात, हे मी नाकारत नाही. अशा दोघा-तिघांसाठी काय करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या घरी शाळांचे आणि लीगवाल्यांचे फोन आपोआप येतात. माझ्या मुलाच्या मित्राच्या घरी कोणाचाच फोन आला नाही.

तुम्ही विचारलंत, मग करायचं काय. रेप संघ बंद करा असं आता मी म्हणणार नाही, तो माझा पहिला लेख घाईचा होता. संघ तेवीसचाच राहू दे, पण सरावाला पन्नास मुलांना बोलवा. मैदान तेच, दिवे तेच, एक कोच वाढेल. हंगामाच्या मध्यात पुन्हा एक ट्रायल घ्या. बिबच्या नंबरासमोर जन्माचा महिना लिहा, आणि ज्या मुलाची जागा हाफबॅकची आहे त्याला बॉल मिळेल अशा संघातून एकदा तरी हाफबॅकला खेळवा. फी ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलाला फीमुळे परत पाठवू नका.

तुम्ही स्वतः तुमच्या जिल्ह्याच्या संघाचे मॅनेजर आहात असं लिहिलंय. म्हणजे यादीचा ईमेल तुमच्याच हातून जात असणार. पुढच्या वेळी तो पाठवाल तेव्हा ज्यांची नावं नाहीत त्यांनाही एक ओळ लिहा: मंगळवारी सहा वाजता सराव आहे, बूट घेऊन या. कोच कमी पडला तर मला सांगा. रक शिकवायला मला अजून नीट येत नाही, पण पासिंगचा एक गट मी घेऊ शकतो, आणि हिवाळ्यातले मंगळवार मी मोकळे ठेवलेत.