‘शॅम्पू सोडला आणि केसांची वाट लागली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. पुढे जे हे वाचतील त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही शॅम्पू एकदम बंद केलात. पहिले दोन आठवडे नुसत्या पाण्याने केस धुतलेत, ते चिकट झाले म्हणून अंगाचा साबण लावलात, मग कुठेतरी वाचून खायचा सोडा, आणि तिसऱ्या आठवड्यात आमची शिकेकाई-रिठ्याची पावडर. आता मुळाशी मेणचट थर बसलाय, कोंडा वाढलाय, न्हाताना मूठभर केस हातात येतात, डोळे चुरचुरले ते वेगळंच. आणि शेवटी विचारलंत, “नॅचरल म्हणून विकता, मग त्रास कसा होतो?”

या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. खाजकुयलीही नॅचरलच असते. एखादी वस्तू झाडावर उगवली म्हणून ती कुणालाच बाधणार नाही, असं आम्ही कधी म्हटलेलं नाही आणि आमच्या पाकिटावर ‘केमिकल-फ्री’ हा शब्दही नाही. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन हे रसायनच आहे. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला, म्हणून तेल पाण्याबरोबर वाहून जातं. शॅम्पूतलं सोडियम लॉरेथ सल्फेट हेच काम करतं, फक्त जास्त जोरात. डोळ्यात गेलं की सॅपोनिन चांगलंच झोंबतं. ते पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे, पण ओल्या हाताने पाकीट फोडताना मागची बाजू कोण वाचतं, हेही मला कळतं. डोळ्यांत गेलं तर भरपूर साध्या पाण्याने धुवायचे. लाली उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता त्या दोन आठवड्यांबद्दल. ‘शॅम्पूमुळे डोकं जास्त तेल सोडतं, तो बंद केला की काही आठवड्यांत तेल आपोआप कमी होतं, तोवर सहन करा’ हे तुम्ही वाचलंत आणि त्यावर विसंबलात. आमच्याकडे फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण हेच ऐकून आलेले असतात. मला ते पटत नाही आणि मी ते कुणाला सांगतही नाही. त्वचेतल्या तेलग्रंथी किती तेल सोडणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे केस चार-पाच दिवस न धुताही फारसे तेलकट होत नाहीत. तेच मूल वयात आलं की दुसऱ्या दिवशी केस चपटे आणि कपाळ चकचकीत. मधल्या काळात शॅम्पू तोच असतो. तेव्हा तुमच्या डोक्याने सूड वगैरे उगवलेला नाही. रोजच्यासारखंच तेल सुटत राहिलं, ते काढणारं मात्र काही उरलं नाही. साचलेल्या तेलाचं जंतू विघटन करतात, म्हणून कुबट वासही येतो.

शॅम्पू सोडणं म्हणजे डोकं धुणं सोडणं नव्हे. आम्ही विकतो ती धुण्याचीच वस्तू आहे.

फोटोत मुळाशी जो करडा-पांढरा थर दिसतो, कंगव्याच्या दातांमध्येही अडकलाय, तो माझ्या अंदाजाने साबणाचा आहे. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा. त्यावर तुम्ही सोडा चोळलात. डोक्याच्या त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या वर अल्कली) साधारण ५.५ असतो, सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर. अशा अल्कलीत केस फुगतो, वरचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात आणि विंचरताना तुटतात. सोडा भांड्यांना ठीक आहे, केसांना मी तो कधीच सुचवणार नाही. आणि अशा केसांवर आमची पावडर न गाळताच, नुसती भिजवून थापली गेली. तिचे कण त्या मेणात रुतून बसले. फोटोतले तपकिरी ठिपके ते हेच.

पावडर वापरायची ती गाळून. दोन मोठे चमचे पावडर दीड-दोन पेले कोमट पाण्यात रात्री भिजत घालायची, सकाळी हाताने चांगली कुस्करायची, आणि पातळ सुती कापडातून पिळून गाळायची. चोथा टाकून द्या. खाली राहील तो गडद तपकिरी काढा टोकदार तोंडाच्या बाटलीत भरून भांग पाडत पाडत मुळाशी सोडायचा, बोटांच्या पेरांनी चोळायचा, डोळे मिटून, डोकं मागे टाकून. फेस शॅम्पूच्या मानाने अगदीच बेताचा येतो. फेस नाही म्हणून आणखी ओतत बसू नये. डोक्याला तेल लावलं असेल तर एकदा लावून भागत नाही, दुसऱ्यांदा लावावा लागतो. उरलेला काढा ठेवू नका, आंबतो.

केस गळण्याचं तुम्ही सगळ्यात कळवळून लिहिलंय. रोज ५० ते १०० केस गळणं हे सामान्य मानलं जातं. आठ दिवस नीट धुतलं-विंचरलं नाही, तर सुटलेले केस तिथेच अडकून राहतात आणि एकाच न्हाणीत सगळे बाहेर येतात. ती गुंतवळ बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पुढच्या वेळी त्यातले थोडे केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळापासून, आपली मुदत संपवून गळलेला. ठिपका नसेल तर तो मधेच तुटलेला, आणि तुटण्याचा संशय मी सोड्यावर घेईन. मुळापासूनचेच फार असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक डाएट असं काही झालं होतं का? शरीराला बसलेला धक्का केसांत इतक्या उशिरा दिसतो. चकत्या पडत असतील किंवा गळणं थांबतच नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मी डॉक्टर नाही, आणि केस उगवण्याचा दावा आमच्या पाकिटावर नाही.

कोंड्याचं सांगते ते काहींना विचित्र वाटेल, कारण सांगणारी शिकेकाई विकणारी आहे: तुम्ही सध्या औषधी शॅम्पू वापरा. कोंड्यामागे बहुतेकदा मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि त्वचेच्या तेलावर जगते. तेल साचू दिलं की तिची चंगळ. वर तुम्ही कोंड्यासाठी रात्रभर खोबरेल लावून ठेवत होतात, म्हणजे तिला आयतं ताट. खोबरेल केसांच्या लांबीला चांगलं आहे, याबद्दल मला शंका नाही. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. पण कोंडा असेल तोवर ते मुळाशी नको. केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध असलेला शॅम्पू डॉक्टरांना विचारून घ्या आणि सांगतील तितकी मिनिटं डोक्यावर ठेवून मग धुवा. आमच्या पावडरीने हे काम होईल असं मी म्हणणार नाही.

एक राहिलंच. शॅम्पू-कंडिशनरमधलं सिलिकॉन केसांवर गुळगुळीत थर देतं. ते वापरणं थांबलं की केस आधी भरभरीत लागतात. ते बिघडले नाहीत, त्यांचा मूळ पोत हाताला लागतोय. कुणाला तो आवडतो, कुणाला नाही. केस रंगवलेले असतील तर शिकेकाईने आणखी कोरडे वाटू शकतात, तेव्हा एका बटेवर आधी करून पाहावं. आमच्याकडून नेमाने पावडर नेणारे कित्येक जण मधूनमधून शॅम्पूही लावतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

तुमच्यापुरतं: पावडर, सोडा, साबण सगळं आत्ता बंद. साध्या शॅम्पूने दोनदा धुऊन तो थर काढा. मग कोंड्याचा इलाज. डोकं शांत झाल्यावर वाटलं तर गाळलेला काढा करून पाहा, नाही वाटलं तर नका पाहू. उरलेलं पाकीट फोडलेलं असलं तरी परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील. ऑर्डर क्रमांक इथे उघड लिहू नका, आम्हाला खासगी संदेशात कळवा.